कास सात वर्षांनी फुलतं? नाही हो, दरवर्षी फुलतं!

पावसाळा सरत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो: "कासचं पठार सात वर्षांनी एकदाच फुलतं, चुकवू नका!" सोबत जांभळ्या गालिचाचा भडक रंगवलेला फोटो.

कास दरवर्षी फुलतं, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. सात वर्षांचं गणित आहे ते टोपली कारवीचं. टोपलीसारखं गोल वाढणारं हे झुडूप वर्षानुवर्षं नुसती पानं मिरवतं, सातेक वर्षांनी एकदा जांभळं होतं आणि बी धरून मरतं. एका झुडपाचा हिशोब लोकांनी अख्ख्या पठाराच्या नावावर टाकला.

बाकीच्यांना इतका धीर कुठला? जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर, पाऊस संपला की ओलही संपणार. त्यामुळे तेरडा, गेंद, सोनकी सगळ्यांचीच घाई. त्यातली सीतेची आसवं खाली वाकून बघा. निळसर-जांभळं फूल नखाएवढं, पण ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव धरून खातात. नाव हळवं, झाड मांसाहारी!

फुलं पाऊस-उन्हाच्या मेळावर पुढेमागे होतात, एका आठवड्यात रंग पालटतो. म्हणून फोटोत दिसलेला गालिचा तुम्हाला तस्साच मिळेल असं नाही. आणि त्या फोटोसाठी फुलांत लोळू नका. वाटेवर उकिडवं बसून मोबाइल फुलाच्या उंचीवर धरला, तरी मागचा सगळा रंग चौकटीत येतो.