आभाळ, वारा आणि पानावरचा रोग

‘आभाळ आले की पिकावर रोग पडतो’ हे वाक्य परभणी-लातूरकडच्या कोणत्याही शिवारात ऐकू येते. त्याच शिवारात पीक नजर लागून करपले असे मानणारेही भेटतात. यांपैकी दुसऱ्या समजुतीला कसलाच आधार नाही, मात्र पहिल्या वाक्यामागे मोठे विज्ञान आहे. त्याचा एक उत्तम अभ्यास तंबाखूवर झाला. तंबाखू हे मराठवाड्याचे मुख्य पीक नसले, तरी हा अभ्यास आपल्याही उपयोगाचा आहे.

तंबाखूवरील निळी बुरशी ही द्राक्षावरील डाऊनी आणि बाजरीवरील गोसावी या रोगांच्या कुळातली. ती फक्त जिवंत झाडावरच वाढते, त्यामुळे अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात तंबाखू नसताना ती तेथे तग धरू शकत नाही. तरीही 1979 साली तिने अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे 25 कोटी डॉलरचे नुकसान केले. दरवर्षी नव्याने ती येते ती दक्षिणेकडून, वाऱ्यावर.

हा प्रवास कसा घडतो, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. दमट रात्री पानाच्या खालच्या बाजूस बारीक देठांवर बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, तयार होतात. सकाळी ऊन चढून हवा कोरडी होऊ लागली की हे देठ सुकताना पिळले जातात आणि बीजाणू हवेत सुटतात. नेमक्या त्याच वेळी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढू लागते आणि काही बीजाणूंना किलोमीटरभर उंच नेते. एक बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला सुमारे 28 तास लागतील, आणि तेवढ्या वेळात ताशी 36 किलोमीटरचा वारा त्याला सुमारे 1000 किलोमीटर दूर नेईल. प्रत्यक्षात हवा सतत वरखाली होत असल्याने हा हिशेब ढोबळच आहे. पण तो बीजाणू जिवंत पोहोचेल का? निरभ्र आकाशात सूर्याची अतिनील किरणे बहुतेक बीजाणूंना काही तासांतच मारतात, तर ढगांच्या आडोशाने त्यांतले पुष्कळ तगतात. पुढे वाटेत पाऊस लागला, तर तो त्यांना हवेतून धुऊन थेट पानांवर उतरवतो आणि रुजायला लागणारा ओलावाही देतो. आभाळ रोग निर्माण करत नाही, ते प्रवासी बीजाणूंना जगवते.

नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाने 1990 च्या दशकात याच क्रमावर अंदाज उभा केला. रोग आज कोठे दिसला याच्या नोंदी घ्यायच्या, तेथून सुटलेल्या हवेचा मार्ग ‘हायस्प्लिट’ या संगणकीय प्रारूपाने काढायचा आणि त्या मार्गावरचे ऊन, ढग व पाऊस पाहून पुढच्या प्रदेशाचा धोका ठरवायचा.

आपल्याकडे गव्हाच्या खोडावरील तांबेरा या बुरशीजन्य रोगाची कथा अशीच आहे. मैदानी प्रदेशातल्या उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही, तो डोंगराळ भागात जगतो, हे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवले. पुढे नोव्हेंबरच्या सुमारास येणारी चक्री वादळे निलगिरीकडचे बीजाणू मध्य भारताकडे वाहून आणतात, असे आढळले. निलगिरीतले उटी आणि परभणी जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यातले सरळ अंतर 900 किलोमीटरहून कमीच आहे. तांबेऱ्याचे रंगीत बीजाणू तर निळ्या बुरशीच्या बीजाणूंपेक्षा ऊन अधिक सोसतात.

तुमच्या बांधापुरता अचूक रोगअंदाज देण्याचा दावा करणाऱ्या मोबाइल अ‍ॅपच्या जाहिरातींवर म्हणूनच विसंबू नये. उगमाच्या नोंदी नसतील, तर कितीही मोठा संगणक वाऱ्याचाच मार्ग सांगेल, रोगाचा नव्हे. शिवाय प्रत्येक रोगाला हे गणित सारखे लागू पडत नाही. द्राक्षाच्या डाऊनीचा उगम बहुधा त्याच बागेत, गळून पडलेल्या जुन्या पानांत असतो. तेथे दूरच्या वाऱ्यापेक्षा पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, याच्या नोंदी अधिक कामाच्या आहेत.