सामूहिक वनहक्काचा दावा : कोण करू शकतं आणि कागद काय लागतात

वनहक्क कायदा 2006 म्हटलं की सगळ्यांना शेतजमिनीचा वैयक्तिक दावाच आठवतो, पण आख्ख्या गावाला मिळून जंगल राखायचा, त्याचं नियोजन करायचा हक्कही मागता येतो. त्याचा फॉर्म म्हणजे नमुना क. नमुना ब वेगळा, तो गौण वनोपज (मोह, तेंदूपानं असं लाकडाशिवायचं), चराई, निस्तार (सरपणासारख्या घरगुती गरजा) वगैरेसाठी. दोन्ही सोबतच भरा, फॉर्मला पैसे लागत नाहीत.

दावा ग्रामसभेचा असतो, सरपंचाचा नाही. पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात) पाड्याची वेगळी ग्रामसभा असेल तर तीपण करू शकते. आदिवासी नसलेल्या गावालाही चालतं, फक्त 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षं वस्ती दाखवावी लागते.

आधी 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा, त्यात एक तृतीयांश बायका हव्यातच. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांतही एक तृतीयांश बायका, म्हणून सह्या-अंगठे जागेवरच घ्या, नंतर घरोघरी रजिस्टर फिरवू नका.

पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक (निस्तार हक्कांची सरकारी नोंद), गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), जुना नकाशा, वनविभागाचा वर्किंग प्लॅन (जंगलाच्या कामांचा आराखडा), आणि हो, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा. देवस्थान, मसणवटा, गुरं चरायची जागा हेही धरतात.

सगळ्यात जास्त वेळ नकाशाला द्या. शेजारच्या गावाला आधीच बोलवा, नाल्यापलीकडचा मोह कोण वेचतं हे तिथेच उभं राहून बोलून घ्या, कारण हद्दीचा वाद निघाला तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसायचं हे नियमातच आहे, नाहीच मिटलं तर मग प्रांताची उपविभागीय समिती. जागेवरच्या पडताळणीची लेखी सूचना वनविभागाला द्या आणि पोच जपून ठेवा. ते आले नाहीत आणि मागाहून त्यावरूनच हरकत घेतली तर फेरपडताळणी होते, तेव्हाही गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

पुढे फाइल उपविभागीय समितीकडून कलेक्टरच्या जिल्हा समितीकडे जाते. नामंजूर केलं तर कारण लेखी मागा, उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येतं.

हक्क मिळाला की ग्रामसभेने वेगळी समिती नेमून संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा. इथे बरीच गावं ढेपाळतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला 2009 मध्ये हक्क मिळाला, तिथे बहुमताने नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. चंद्रपूरच्या पाचगावने तर तेंदूपानं तोडणंच बंद केलं, हातातला पैसा सोडून, कारण त्यापायी झाडं छाटली जातात, आगी लागतात. हा आराखडा वनविभागाच्या वर्किंग प्लॅनशी जोडायचा असतो, पण जोडताना त्यात काय बदल करायचे ते गावाची समिती ठरवते.