अपघात एका राज्यात, कायदा दुसऱ्या राज्याचा

अलाबामातील बर्मिंगहॅमहून मिसिसिपीतील मेरिडियनकडे जाणाऱ्या मालगाडीवर ब्रेक सांभाळणारा एक कामगार होता. तो अलाबामाचा रहिवासी होता, रेल्वे कंपनी अलाबामाची होती आणि नोकरीचा करारही तिथेच झाला होता. दोन डबे जोडणारी कडी सदोष होती. गाडी अलाबामात असतानाच तिची तपासणी व्हायला हवी होती, पण सहकाऱ्यांनी हलगर्जी केली आणि मिसिसिपीत शिरल्यावर ती तुटून हा कामगार जखमी झाला. अलाबामाच्या कायद्याने त्याला मालकाकडून भरपाई मागता येत होती. मिसिसिपीत मात्र सहकाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार नाही, हा जुना नियम कायम होता. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये मिसिसिपीचा कायदा लावला आणि कामगाराच्या हाती काहीच आले नाही.

अमेरिकेत अपघात, करार, वारसा, विवाह अशा बहुतेक बाबींत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो. खटला कोणत्या न्यायालयाने चालवायचा हा एक प्रश्न, आणि त्या न्यायालयाने कोणाचा कायदा लावायचा हा दुसरा. अलाबामातील न्यायाधीश मिसिसिपीच्या कायद्याने निवाडा देऊ शकतात, तो याच फरकामुळे. त्या काळचा सिद्धांत असा होता की भरपाईचा हक्क इजा जिथे झाली त्या भूमीवरच जन्माला येतो, आणि बाकीची न्यायालये तो हक्क फक्त ओळखून अमलात आणतात. हार्वर्डचे प्राध्यापक जोसेफ बील यांच्या देखरेखीखाली १९३४ मध्ये तयार झालेल्या नियमसंग्रहात हीच भूमिका पक्की झाली. करारासाठी तो जिथे पूर्ण झाला ती जागा, जमिनीसाठी जमीन जिथे आहे ती जागा, असे साधे कोष्टक होते, आणि निकालाचा अंदाज आधीच बांधता येणे हा त्याचा खरा गुण होता.

पण नियम अन्यायकारक वाटला की न्यायाधीश पळवाट शोधतात. कॅलिफोर्नियात झालेल्या अपघातानंतर विस्कॉन्सिनमधील एका पत्नीने पतीवर दावा लावला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात पती-पत्नींना एकमेकांवर असा दावा करता येत नव्हता. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ठरवले की दावा करण्याची मुभा हा अपघाताचा नव्हे, कुटुंबाचा प्रश्न आहे, म्हणून जोडपे जिथे राहते तिथला कायदा लागू होईल. प्रश्नावरची चिठ्ठी बदलली आणि उत्तर बदलले. निकाल मला योग्य वाटतो, पण ज्या नियमाला अशा चिठ्ठ्या बदलून जगवावे लागते, तो फार काळ टिकणार नव्हता.

तो मोडला १९६३ मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात. बॅबकॉक विरुद्ध जॅक्सन या खटल्यातले सगळे जण रॉचेस्टर शहराचे रहिवासी होते आणि शनिवार-रविवारच्या सहलीसाठी मोटारीने कॅनडात गेले होते. ओंटारिओ प्रांतात गाडीवरचा ताबा सुटून ती दगडी भिंतीवर आदळली आणि सोबतची महिला गंभीर जखमी झाली. फुकट प्रवास करणाऱ्या पाहुण्याला चालकाकडून भरपाई मागता येणार नाही, असा ओंटारिओचा कायदा होता. न्यूयॉर्कमध्ये तशी बंदी नव्हती. न्यायालयाने थेट विचारले की ओंटारिओने हा कायदा केलाच कशासाठी? चालक आणि पाहुणा यांनी संगनमत करून विमा कंपनीला फसवू नये, हा त्याचा हेतू होता. गाडी न्यूयॉर्कची, विमा तिथलाच आणि माणसेही तिथलीच असताना ओंटारिओला या भरपाईत स्वारस्य असण्याचे कारण उरत नव्हते, आणि महिलेचा दावा टिकला. त्याच निकालात न्यायालयाने हेही नमूद केले की प्रश्न गाडी नीट चालवली की नाही असा असता, तर ओंटारिओच्याच नियमांना जवळपास निर्णायक महत्त्व मिळाले असते, कारण रस्त्यावरची शिस्त ही तो रस्ता ज्यांचा आहे त्यांची बाब. म्हणजे एकाच खटल्यातल्या दोन मुद्द्यांना दोन ठिकाणांचे कायदे लागू शकतात.

कायद्यामागचा हेतू तपासण्याच्या या पद्धतीला ब्रेनर्ड करी या अभ्यासकाने सैद्धांतिक बैठक दिली होती. त्यांचे म्हणणे असे की पुष्कळदा संघर्ष नुसता दिसायला असतो, कारण दोनपैकी एकाच राज्याच्या धोरणाला त्या निकालाने काही फरक पडतो. अडचण येते ती दोन्ही राज्यांना फरक पडतो तेव्हा, किंवा दोघांनाही पडत नाही तेव्हा. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच न्यायालयापुढे चालक न्यूयॉर्कचा, पण पाहुणा ओंटारिओचा आणि अपघातही ओंटारिओतलाच, असे प्रकरण आले. या वेळी ओंटारिओचा कायदा लागू करण्यात आला.

१९७१ च्या दुसऱ्या नियमसंग्रहाने मधला मार्ग काढला. इजा कुठे झाली, चूक कुठे घडली, पक्षकार कुठले आणि त्यांच्यातले नाते कुठे केंद्रित होते, हे सगळे तोलून सर्वांत महत्त्वाचा संबंध असलेल्या राज्याचा कायदा घ्यायचा. अनेक राज्यांनी हा मार्ग स्वीकारला. अलाबामाने मात्र १९९१ मध्ये विचारपूर्वक जुनाच नियम कायम ठेवला, आणि जॉर्जिया व मेरिलँडही त्याच वाटेवर राहिली.

संघीय न्यायालयात गेल्याने हा गुंता सुटत नाही. भिन्न राज्यांतील पक्षकारांच्या वादात संघीय न्यायालयाने ते ज्या राज्यात बसते तिथलेच, कोणाचा कायदा लावायचा हे ठरवणारे नियम पाळावेत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये सांगितले. त्याचा चतुर वापर पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याच्या खटल्यात झाला. कापणी यंत्रात त्याने उजवा हात गमावला होता आणि तिथली दावा लावण्याची दोन वर्षांची मुदत संपली होती. त्याने सहा वर्षांची मुदत असलेल्या मिसिसिपीत दावा लावला आणि लगेच तो पेनसिल्व्हेनियात वर्ग करण्याची विनंती केली. खटला हलला तरी मिसिसिपीची मुदत त्याच्याबरोबर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी.

कोणाचा कायदा लावायचा हे ठरवण्याच्या राज्यांच्या मोकळिकीला राज्यघटनेची मर्यादा आहे, पण ती सैल आहे. नैसर्गिक वायूच्या स्वामित्वधनावरील (वायू काढू देण्याबद्दल मालकांना मिळणाऱ्या हिश्श्यावरील) व्याजाच्या खटल्यात कॅन्ससने सुमारे २८,००० दावेदारांना आपलाच कायदा लावला होता, जरी ९९ टक्क्यांहून अधिक भाडेपट्ट्यांचा त्या राज्याशी संबंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ते रद्द केले. खटला परत आल्यावर कॅन्ससच्या न्यायालयाने इतर राज्यांचे कायदे वाचले आणि तेही जवळपास कॅन्सससारखेच आहेत, असा निष्कर्ष काढला. अशाच दुसऱ्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाचनात हस्तक्षेप केला नाही. परराज्याचा सुस्पष्ट आणि न्यायालयाच्या नजरेस आणून दिलेला कायदा डावलला गेला, तरच घटनेचा भंग होतो, असे त्याने ठरवले.