ट्यूनरची जागा अँटेनापाशीच

हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी रेडिओचालकांचे, आजचे बहुतेक संच 50 ओहम इम्पिडन्सच्या (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाच्या) भाराला शक्ती पुरवण्यासाठी बनवलेले असतात, पण अँटेना म्हणून उंचावर ताणलेली तार या आकड्याला बांधलेली नसते. एकाच तारेचा इम्पिडन्स एका बँडवर (वारंवारितांच्या पट्ट्यावर) तीस-चाळीस ओहम, तर दुसऱ्या बँडवर काही हजार ओहम भरू शकतो. भार जुळला नाही, की संचाकडून निघालेल्या शक्तीचा काही भाग परत फिरतो. एसडब्ल्यूआर हा भार किती बेजोड आहे ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळल्यास 1. तो 2 असताना सुमारे 11 टक्के आणि 3 असताना 25 टक्के शक्ती अशी परतते, आणि आपले ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी संच स्वतःच शक्ती उतरवतो. तारेचा इम्पिडन्स 50 ओहमवर आणून देणे हे ट्यूनरचे काम.

हा ट्यूनर टेबलावर संचाशेजारी ठेवता येतो, आणि एसडब्ल्यूआर मीटरचा काटा खाली आला की सारे काही जुळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जुळवणी फक्त संच आणि केबलचे अलीकडचे टोक यांच्यात झालेली असते. केबलच्या पलीकडच्या टोकाला बेबनाव तसाच असतो, परतलेली शक्ती केबलमध्ये पुन्हा पुन्हा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत तिचा काही अंश उष्णतेत जातो. जुळलेल्या भाराला 1 डेसिबल घट देणारी कोॲक्सियल केबल घेतली, तर 100 वॉटपैकी सुमारे 79 वॉट अँटेनापर्यंत पोहोचतात. त्याच केबलच्या टोकाला एसडब्ल्यूआर 10 असेल, तर घट जवळजवळ साडेतीन डेसिबल होते आणि पोहोचतात जेमतेम 45 वॉट. गंमत अशी, की त्याच वेळी केबलच्या अलीकडच्या टोकाशी मोजलेला एसडब्ल्यूआर 5 पेक्षाही कमी दिसतो, कारण परत येणारी शक्ती वाटेतच मुरलेली असते. केबल जितकी वाईट तितके मीटरचे बोलणे गोड. म्हणून ट्यूनर थेट तारेच्या बुडाशी बसवावा. मग केबलला दोन्ही बाजूंनी 50 ओहमच दिसतात आणि तिची घट मूळ आकड्यावर राहते.

अशा ट्यूनरच्या बंद डब्यात इंडक्टर आणि कपॅसिटर यांच्या रांगा असतात, प्रत्येक घटकाचे मूल्य आधीच्याच्या साधारण दुप्पट, आणि प्रत्येकाला एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. आठ इंडक्टर, आठ कपॅसिटर आणि कपॅसिटरची रांग संचाच्या बाजूला जोडायची की तारेच्या, हे ठरवणारा आणखी एक रिले, एवढ्यावर 1,31,072 जोडण्या तयार होतात. आतला मायक्रोकंट्रोलर पुढे जाणारी आणि परतणारी शक्ती मोजत आधी मोठ्या टप्प्यांनी व नंतर बारीक टप्प्यांनी शोध घेतो, तेव्हा डब्यातून रिलेंची काही सेकंद टकटक ऐकू येते. सापडलेली जोडणी वारंवारितेसह स्मृतीत ठेवली जाते, त्यामुळे त्याच वारंवारितेवर परतल्यावर जुळवणी क्षणार्धात होते.

डब्याला वीज पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वेगळ्या केबलचा: दोन तारा साधारण 12 व्होल्टच्या पुरवठ्यासाठी, आणि काही ट्यूनरांत आणखी दोन, एक जुळवणी सुरू करण्याच्या आज्ञेची व दुसरी काम चालू असल्याचे कळवणारी. येथे तारेची जाडी पाहावी लागते. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 35 ओहम असतो. 30 मीटर अंतराला जाऊन-येऊन 60 मीटर तार लागते, म्हणजे 2 ओहमच्या थोडे वर, आणि अर्ध्या अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. अनेक रिले एकदम ओढले गेले की अशा पुरवठ्यावर ट्यूनर मध्येच भांबावतो आणि दोष मात्र अँटेनाला दिला जातो. दुसऱ्या मार्गात कोॲक्सियल केबलमधूनच डीसी पाठवतात. केबलच्या दोन्ही टोकांना एक जोड असतो. त्यातला इंडक्टर डीसीला वाट देऊन रेडिओशक्तीला अडवतो आणि कपॅसिटर याच्या उलट वागतो. तारांचा पसारा वाचतो, पण याच केबलला एखादे मोजमापाचे उपकरण जोडण्याआधी डीसी बंद करायला विसरू नये.

तारेच्या लांबीबाबत एकच मोह टाळायचा, तो म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा. 143 ला मेगाहर्ट्झने भागले की तारेची अर्धी तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे 7.1 मेगाहर्ट्झला सुमारे 20 मीटर. ही लांबी किंवा तिची पूर्ण पट असलेल्या तारेचा टोकाशी इम्पिडन्स हजारोंत जातो. 5,000 ओहमवर 100 वॉट म्हणजे शिखराला 1,000 व्होल्ट. ट्यूनरच्या घटकांना ते पेलले नाही तर ठिणग्या उडतात, आणि पेलले तरी त्या टोकाला कोणाचा हात लागणार नाही अशीच मांडणी हवी.

मात्र माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ट्यूनरच्या ग्राउंड टर्मिनलकडे. तारेत जाणाऱ्या प्रवाहाला परतीची वाट लागते. ट्यूनरच्या ग्राउंड टर्मिनलपासून चहूबाजूंना जमिनीवर पसरलेल्या तारा, म्हणजे रेडियल, ती देतात. त्या नसतील तर प्रवाह कोॲक्सियल केबलच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून घरात शिरतो आणि मायक्रोफोनला हात लावताच चटका बसतो. फेराइटच्या कड्यांमधून कोॲक्सियल आणि पुरवठ्याची केबल, दोन्हींचे वेढे ट्यूनरलगत घेतले (याला चोक म्हणतात) की ही वाट अडते, पण रेडियल नसताना हा चोक लावला तर परतीचा एकमेव रस्ताही तुटतो आणि ट्यूनरला जुळवणी सापडेनाशी होते. जमिनीतली हानी मीटर दाखवत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाच मीटर उंचीच्या उभ्या तारेचा प्रारणरोध, म्हणजे अवकाशात जाणाऱ्या शक्तीचा हिशेब दाखवणारा रोध, 3.5 मेगाहर्ट्झच्या आसपास दीड ओहमहून कमी असतो. जमिनीचा रोध 14 ओहम धरला, तर मीटर निर्दोष जुळवणी दाखवत असतानाही जेमतेम 9 टक्के शक्ती अवकाशात जाते आणि उरलेली माती तापवते. अशा ठिकाणी भारी ट्यूनर घेण्यापेक्षा आणखी रेडियल टाकणे केव्हाही फायद्याचे.

डबा जलरोधक असला तरी केबलची तोंडे खाली ठेवावीत, जोडांवर आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी आणि आत साचणाऱ्या बाष्पासाठी तळाला भोक आहे ना ते पाहावे. वादळाची चिन्हे दिसताच सर्व केबल सोडवून ठेवाव्यात. आकाशातल्या विजेपासून बचावासाठी केबलवर बसवलेली वीजरोधक नळी जवळ पडलेल्या विजेचा धक्का कमी करते, थेट आघात मात्र नाही.

जुळवणी करताना आधी वारंवारिता मोकळी आहे का ते ऐकावे. मग संचाची शक्ती दहा वॉटच्या आसपास आणून सलग कॅरिअर, म्हणजे एकसारखी रेडिओलहर, सोडावा. एसएसबी या बोलण्याच्या प्रक्षेपणपद्धतीत शक्ती आवाजाबरोबर चढउतार करते, म्हणून त्यासाठी सीडब्ल्यू (मोर्सची पद्धत) किंवा एएम निवडतात. मीटरचा काटा स्थिरावेपर्यंत शक्ती वाढवू नये, कारण पूर्ण शक्ती वाहत असताना रिले उघडला तर त्याचे संपर्कबिंदू जळतात. पुढे ॲम्प्लिफायर असेल तर तोही तोपर्यंत बाजूला ठेवावा. पावसाने तार आणि जमीन भिजली, की इम्पिडन्स सरकतो आणि स्मृतीतली जोडणी पूर्वीइतकी बसत नाही. अशा वेळी ट्यूनरला नव्याने शोध घ्यायला लावावे.