बिबडी वाळते, डांबर पाघळतं

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे गेला की भरदुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. त्याच वेळी गच्चीवर, सकाळी जुन्या धोतरावर घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, कडक होऊन कडा उचलायला लागतात. ऊन एकच, पण एक वस्तू मऊ पडते आणि दुसरी कडक होते. असं का, याचा उलगडा व्हायला अठरावं शतक उजाडावं लागलं.

फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा, सेल्सिअसची शंभर भागांची मोजपट्टी १७४२ ची. मोजायचं साधन हाती होतं, पण उष्णता आणि तापमान वेगळे हे स्पष्ट नव्हतं. ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास ते दाखवलं. बर्फ वितळत असेपर्यंत आच देत राहिलं तरी पारा शून्यावरून हलत नाही. दिलेली उष्णता वितळण्यातच खर्ची पडते. शाळेत घोकलेला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात, उकळत्या पाण्याच्या १ ग्रॅमची वाफ करायला सुमारे ५४०. न उकळता उन्हात उडणाऱ्या पाण्याला त्याहून थोडी जास्तच.

बिबडीचं गणित इथे सुटतं. भिजवून भरडलेली ज्वारी शिजवताना ७० अंशांच्या आसपास तिच्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि घाटा चिकट होतो. त्यात तीळ, लसूण, मिरची घालून ओल्या कापडावर हाताने पातळ गोल थापायचे. पुढे ऊन फक्त पाणी नेतं, ज्वारी वितळत नाही. दाणे आणि स्टार्च एकमेकांना धरून आक्रसतात. वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारला की बिबडी सुटते.

डांबरातून मात्र जाण्यासारखं पाणीच नसतं. ते बर्फासारखं एका ठरावीक अंशाला वितळतही नाही, हळूहळू ढिलं पडतं. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडण्याचं तापमान, किमान ४७ अंश असावा लागतो. ४७ म्हणजे पुरेसं वाटेल, पण ४५ चा तो पारा सावलीतला. काळा रस्ता उन्हात ६० च्या वर सहज जातो. चप्पल अडकते ती यामुळे.

पोलाद यातलं काहीच करत नाही, नुसतं वाढतं. १ किलोमीटरचा सुटा रूळ ४० अंशांनी तापला तर जवळपास अर्धा मीटर लांब होईल. म्हणून जुन्या रुळांच्या सांध्यांत फट ठेवत, आणि गाडीचा तो खडखडाट त्या फटींचा. आता रूळ जोडून सलग करतात आणि वाढ गिट्टी-स्लीपरांनी दाबून धरतात. रूळ वाकण्याची भीती असते, म्हणून उन्हाळ्यात भरदुपारी गस्त घालावी लागते. ते काम करणाऱ्यांचा विचार एसी डब्यात बसून कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

वाळवणाला नुसतं ऊन पुरत नाही, हे नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर दिसतं. तिथे लाल मिरची हिवाळ्यात पसरतात, मेच्या मानाने गारव्यातच. काम होतं ते कोरड्या हवेमुळे. कोकणात मेमध्ये घाम वाळत नाही, तिथे पापडाचं काय होणार! अवकाळीची भीती पथारीवाल्यांना असते ती त्यामुळेच: ऊन परत येतं, पण भिजलेली मिरची तोवर काळी पडते.

खडखडीत वाळलेल्या बिबडीतही थोडं पाणी उरतंच. कडकडीत तेलात पडताच त्याची क्षणात वाफ होते आणि ती बिबडीला आतून फुलवते.