पंख्याचा कंडेन्सर गेला म्हणजे नक्की काय झालं?

ऐन मे महिन्यात पंखा पाचवर ठेवला तरी वारा लागत नाही, आणि इलेक्ट्रिशियन खालूनच बघून सांगतो, "कंडेन्सर गेलाय." मग तो काडेपेटीएवढी एक डबी बदलतो नि पंखा परत जोरात फिरायला लागतो. त्या डबीवर बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर, आणि मायक्रोफॅरड हे त्याच्या क्षमतेचं एकक.

आत काय असतं, तर प्लास्टिकची पातळ फिल्म, तिच्यावर धातूचा अगदी विरळ थर, आणि अशा दोन फिल्म एकमेकींवर ठेवून गुंडाळी केलेली. मधे प्लास्टिक असल्यामुळे करंट आरपार जाऊच शकत नाही, पण व्होल्टेज लावलं की एका थरावरचे इलेक्ट्रॉन निघून बाहेरच्या वायरने फिरून दुसऱ्या थरावर जमा होतात, म्हणजे एक बाजू प्लस, दुसरी तेवढीच मायनस, आणि एकूण चार्ज शून्यच! म्हणून "कपॅसिटर चार्ज साठवतो" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तो चार्ज वेगवेगळा करून ठेवतो, आणि एनर्जी राहते त्या दोघांमधल्या विद्युत क्षेत्रात.

एनर्जीच्या सूत्रात (½CV², C म्हणजे क्षमता, V म्हणजे व्होल्टेज) तो अर्धा कुठून येतो? गच्चीवरची टाकी खालच्या नळाने भरताना पहिलं पाणी सहज चढतं, पण टाकी भरत आली की आधीच्या पाण्याचा दाब उलटा लागतो. इथेही तसंच, सुरुवातीचे इलेक्ट्रॉन फुकटात जातात, शेवटच्यांना पूर्ण व्होल्टेजविरुद्ध ढकलावं लागतं, म्हणजे सरासरी निम्म्या व्होल्टेजविरुद्ध.

आता पंखा. घरातली लाईन सिंगल फेज, म्हणजे एकाच लयीत मागेपुढे होणारा करंट, तिच्यावर एकच वाईंडिंग (तारेचं वेटोळं) असेल तर मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र नुसतं मागेपुढे होतं, गोल फिरत नाही. म्हणून दुसरं वाईंडिंग कंडेन्सरमधून जोडतात, त्यातला करंट थोडा पुढे पळतो आणि दोघं मिळून क्षेत्र फिरवतात. यासाठी ती डबी सेकंदाला १०० वेळा भरते आणि रिकामी होते, वर्षानुवर्षं. कंडेन्सर पूर्णच गेला तर पंखा नुसता गुणगुणत बसतो, काठीने ढकललात तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो.

पण बहुतेकदा तो एकदम मरत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. व्होल्टेजचा झटका आला की फिल्मला एखादं सूक्ष्म भोक पडतं, त्याच क्षणी भोकाभोवतीचा धातू वाफ होऊन उडून जातो, शॉर्ट मिटतो आणि पंखा चालूच राहतो. स्वतःची जखम स्वतःच भरायची, पण दरवेळी थोडं क्षेत्रफळ गमवायचं, असं होत होत २.५ चे कधीतरी दीड होतात आणि मग आपल्याला वारा लागत नाही.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधल्या कपॅसिटरचं काम वेगळं. पेन्सिल सेलमध्ये हजारो ज्यूल असतात पण तो ते सावकाशच देतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टला भरला तर त्यात जेमतेम साडेचार ज्यूल, पण ते सगळे एका मिलिसेकंदात बाहेर काढले तर तेवढ्यापुरते साडेचार हजार वॉट! म्हणूनच सेल काही सेकंद भरत बसतो आणि फ्लॅश क्षणात उडतो.

बटण बंद केल्यावरही चार्जरचा दिवा दोनतीन सेकंद पेटत राहतो ना, तेही आतल्या कपॅसिटरमुळेच. तिथे रिकामं व्हायला वाट आहे. पंख्यात वाईंडिंगमधून वाट मिळते. पण मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर साधारण २००० व्होल्टवर चालतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो, जीव जाऊ शकतो, त्यामुळे मायक्रोवेव्ह घरी उघडू नका, प्लीज, व्हिडिओ बघून तर अजिबातच नाही.