साठाला एक

भाचीची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची जीवरसायनशास्त्राची परीक्षा तोंडावर आली होती. जीवनसत्त्वांचा तक्ता तिनं भिंतीवर चिकटवला होता, तो पाठही झाला होता. बी-१ नाही तर बेरीबेरी, सी नाही तर स्कर्व्ही, नायसिन (बी-३) नाही तर पेलाग्रा. पण एका जागी ती अडली. "आत्या, ज्वारीत नायसिन आहे ना? मग नुसती ज्वारी खाणाऱ्यांना पेलाग्रा व्हायचा असं पुस्तकात का दिलंय?"

हा प्रश्न मला फार आवडला. पोषण आणि चयापचयाचे विकार हे दोन धडे पोरं वेगवेगळे घोकतात, आणि या एका प्रश्नात ते एकत्र येतात.

पेलाग्रा म्हणजे इटालियन भाषेत खरखरीत कातडी. ऊन लागतं तिथं, म्हणजे हातांवर, पायांवर, मानेभोवती काळपट चट्टे उठतात. मग जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत याची मोठी साथ होती आणि तो संसर्गजन्य आहे असंच बहुतेक डॉक्टर मानत. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरांना तपासाला पाठवलं गेलं. अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत त्यांना एक गोष्ट दिसली: तिथं राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, त्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र होत नाही. जंतू असा भेदभाव कशाला करेल? फरक होता ताटात. लोकांना हे पटेना, तेव्हा १९१६ साली त्यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पत्नी मेरी यांनीही रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. नेमका कमी पडणारा घटक नायसिन, हे १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेहेम या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून कळलं. ते पाहायला गोल्डबर्गर उरले नव्हते, ते १९२९ मध्येच गेले.

पण एक कोडं उरलंच. दुधात आणि अंड्यात नायसिन अगदी थोडं असतं, तरीही दूध-अंडी खाणाऱ्याला पेलाग्रा होत नाही. कारण आपलं यकृत प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिनचं काम भागवून घेतं. हिशेब साठाला एक: साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन. चांगल्या प्रतीच्या ६० ग्रॅम प्रथिनांत सुमारे ६०० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन मिळतं, म्हणजे १० मिलिग्रॅम नायसिनची सोय झाली.

भाचीला म्हटलं, आता तक्ता बाजूला ठेव आणि ही वाट काढ. दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे तिनं वर ट्रिप्टोफॅन लिहिलं, खाली नायसिनपासून बनणारं एनएडी, जे नसेल तर पेशीला अन्नातून ऊर्जाच काढता येत नाही. मध्ये बाण. मग एकेक बाण खोडत गेलो. आतड्यातून आणि मूत्रपिंडातून ट्रिप्टोफॅन आत घेणारा वाहक जन्मतःच बिघडला तर? तो हार्टनप विकार: मूल नीट जेवतं, तरी अंगावर पेलाग्रासारखे चट्टे. कार्सिनॉइड या कर्करोगाच्या गाठीनं बरंचसं ट्रिप्टोफॅन सेरोटोनिन हे रसायन बनवायला ओढून नेलं तर? पुन्हा पेलाग्रा. वाटेतल्या एका एन्झाइमला बी-६ लागतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड हे औषध त्याच बी-६च्या आड येतं. त्या औषधाबरोबर बी-६ची गोळी देतात ती मुख्यतः नसा जपण्यासाठी, पण इथंही तिचा उपयोग आहेच. तीन आजार तीन वेगळ्या धड्यांतले, चित्र एकच.

आणि ज्वारी? मक्याची गोष्ट सोपी आहे. त्यातलं नायसिन अशा बंधात अडकलेलं असतं की पचताना सुटत नाही, आणि ट्रिप्टोफॅनही कमी. मेक्सिकोतले लोक पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्यानं तो बंध सुटतो. ज्वारीबाबत १९६० साली हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी वेगळं कारण मांडलं: ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते ट्रिप्टोफॅनच्या या वाटेत अडथळा आणतं. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत याला दुजोरा मिळाला नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेत ते 'मत' म्हणून लिहावं, असं मी तिला सांगितलं.

हे वाचून कुणी भाकरी सोडू नये. पिठलं, उसळ, ताक यांतून प्रथिनं येतात, शेंगदाण्याच्या चटणीत तर नायसिन भरपूर. दख्खनच्या पठारावर पेलाग्रा व्हायचा तो ज्या घरांत भाकरीबरोबर मीठ-मिरचीपलीकडे काही नसायचं, त्या घरांत.